घसा, घोट आणि गळणारी लाळ

1862च्या ऑक्टोबरच्या अखेरीस दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर रंगूनमध्ये कैदेत अंथरुणाला खिळला होता. वय 87. त्याच्यावर देखरेख ठेवणारा कॅप्टन डेव्हिस हा इंग्रज अधिकारी कैद्याच्या प्रकृतीच्या नोंदी ठेवत असे. म्हाताऱ्याला चमच्याने पातळ सूप भरवलं जाई. नोव्हेंबरच्या तीन तारखेपर्यंत तेही घशाखाली उतरेना. सहा तारखेला डेव्हिसने लिहून ठेवलं की कैदी क्षीण होत चालला आहे आणि घशाच्या भागाला लकवा झाला आहे. सात तारखेच्या पहाटे बादशहा गेला आणि त्याच दिवशी दुपारी त्याला पुरलं.

जफरच्या गझला, त्याची कैद, त्याची बेवारस कबर यांवर पुष्कळ लिहिलं गेलं. त्या शेवटच्या आठवड्यातली साधी शारीरिक गोष्ट मात्र मागे पडली. एका माणसाला घोट गिळता येत नव्हता, आणि भोवतालच्या कुणालाही त्यावर काही करता येत नव्हतं.

उपाय जगात अगदीच नव्हता असंही नाही. लंडनमध्ये जॉन हंटर या शल्यवैद्याने 1790 साली अशाच एका रुग्णाला वाचवलं होतं. पन्नाशीच्या त्या गृहस्थाचे गिळण्याचे स्नायू लुळे पडले होते. हंटरने व्हेलच्या तोंडातल्या लवचीक पट्टीच्या काडीवर ईल माशाची कातडी चढवून नळी बनवली, ती घशातून जठरात उतरवली आणि तिच्यातून फेटलेली अंडी, दूध, साखर अशी पातळ अन्नं आणि औषधं पोहोचवली. रुग्णाचं गिळणं परत येईपर्यंत नळीने निभावून नेलं. ही युक्ती छापूनही आली. पण रंगूनच्या त्या खोलीपर्यंत बहात्तर वर्षांत ती पोहोचली नाही.

अर्धांगवायूचा झटका आलेल्या माणसाच्या घरी पहिल्या दिवसांत चर्चा होते ती हातापायांची. हात उचलतो का, पाय टाकतो का, बोलणं कळतं का. तोंडाच्या कोपऱ्यातून ओघळणारी लाळ कुणी टॉवेलने पुसतं, कुणी उशीवर जुनी ओढणी अंथरतं. डॉक्टरांना ती सांगायचीही लाज वाटते. खरं तर ती लाळ फार महत्त्वाची बातमी देत असते.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. आपण ती नकळत गिळत राहतो, दिवसातून काही शे वेळा. झटक्यानंतर बहुतेक रुग्णांमध्ये लाळ वाढलेली नसते. ती मागे ढकलणारी यंत्रणा मंदावलेली असते. मेंदूच्या एका बाजूला इजा झाली की दुसऱ्या बाजूच्या चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग सैल पडतो. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा मिळत असल्यामुळे कपाळावर आठी पडते, पण ओठाचा कोपरा लोंबतो. जीभ ढिली होते. त्या बाजूची जाणीवही बोथट होते, म्हणून तोंड भरल्याचं रुग्णाला कळतच नाही. मान पुढे झुकली की जे साचलंय ते बाहेर येतं. बाहेर येणारी लाळ डोळ्यांना दिसते. जी मागे सरकून, ठसकाही न लागता, श्वासनलिकेत उतरते ती दिसत नाही, आणि न्यूमोनिया तिच्यामुळे होतो.

म्हणून या उपचाराच्या इतिहासात दोन वाटा सुरुवातीपासून दिसतात. एक वाट लाळ सुकवण्याची. दुसरी गिळायला पुन्हा शिकवण्याची. दिल्लीत या दोन्ही वाटांच्या खुणा सापडतात.

जुन्या दिल्लीत, बल्लीमारानमधल्या शरीफ मंझिल या हवेलीत हकिमांचं एक घराणं पिढ्यानपिढ्या रुग्ण तपासत होतं. त्यातले हकीम अजमल खान यांनी करोल बागेत आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेज उभं केलं. 1916 साली व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी त्याची कोनशिला बसवली आणि 1921च्या फेब्रुवारीत महात्मा गांधींनी उद्घाटन केलं. युनानी वैद्यकात अर्धांगाला फालिज म्हणतात आणि तोंड वाकडं होण्याला लकवा. दोन्ही थंड, ओलसर कफाचे विकार मानले जातात. त्यामुळे झटका आल्यावर पहिले काही दिवस रुग्णाला जड अन्न द्यायचं नाही, मधाचं पाणी तेवढं द्यायचं, मग कफ पिकवून बाहेर काढायचा, असा क्रम असे. जंगली कबुतराचा रस्सा लकव्यावर उतारा ठरतो ही समजूतही उत्तर भारतात अजून टिकून आहे.

या परंपरेतलं सर्वांत विचार करण्यासारखं औषध म्हणजे अक्कलकाढा. त्याच्या मुळाचा तुकडा चावला की जिभेला झिणझिण्या येतात आणि तोंडाला पाणी सुटतं. लुळ्या जिभेवर त्याची पूड मधातून चोळत. म्हणजे ज्याच्या तोंडातून आधीच लाळ गळते आहे त्यालाच लाळ आणणारं औषध! वरवर हे उफराटं वाटतं. पण हकिमाला लाळ थांबवायची नव्हती, बधिर जीभ जागी करायची होती. आज गिळण्याच्या उपचारांत घोट सुरू व्हावा म्हणून थंड किंवा आंबट स्पर्शाने तोंडाला चेतवतात, त्यामागचा तर्क याच्या जवळचा आहे. अक्कलकाढ्याने पक्षाघात बरा होतो असा दावा यातून निघत नाही. पण जीभ आणि घसा चेतवावे लागतात, एवढं त्या जुन्या वैद्यांच्या निरीक्षणात आलं होतं, याची कदर करायला हवी.

आयुर्वेदातही तोंड वाकडं होण्याच्या अर्दित या विकारावर नस्य, म्हणजे नाकात औषध सोडणं, आणि डोक्याला तेल सांगितलं आहे. शिवाय मुखरोगांसाठी कवल आणि गंडूष हे दोन प्रकार आहेत. कवलात द्रव तोंडात खेळवायचा, गंडूषात तोंड इतकं भरायचं की तो हलवताच येऊ नये. ओठ मिटून द्रव तोंडात धरून ठेवणं ही गालाची आणि ओठाची कसरतच आहे. मात्र घसा दुबळा असलेल्या रुग्णाने ती घरच्या घरी करू नये. तेल श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला मोठी इजा होते.

लाळ सुकवण्याची वाटही इथल्या मातीला अनोळखी नव्हती. यमुनेच्या काठी आणि रस्त्यांच्या कडेला धोतरा उगवतो. धोतऱ्याने वाटसरूंना गुंगवून लुटणाऱ्यांच्या हकिकती इंग्रजी अमदानीतल्या कागदपत्रांत भरपूर आहेत. विषबाधेची लक्षणं ठरलेली: घसा कोरडाठाक, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, आणि भ्रम. धोतरा, खुरासानी ओवा आणि युरोपातली बेलाडोना ही एकाच कुळातली झाडं आणि त्यांची विषंही सख्खी. 1830च्या दशकात जर्मनीत बेलाडोनापासून अॅट्रोपिन शुद्ध रूपात मिळालं. शस्त्रक्रियेआधी तोंडातले आणि श्वासमार्गातले स्राव आटवायला भूलतज्ज्ञ ते वापरू लागले आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करायला त्याचे थेंब ठेवले.

हेच डोळ्यांचे थेंब पुढे जिभेखाली गेले. कॅनडातल्या डॉ. मंदार जोग आणि सहकाऱ्यांनी 2002 साली कंपवातासारख्या विकारांच्या सात रुग्णांवरचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. एक टक्का अॅट्रोपिनचा एक थेंब, दिवसातून दोनदा, जिभेखाली. लाळ कमी झाली. पण काहींना भ्रम झाला, आणि तो धोका आजही तितकाच आहे. एका थेंबात साधारण अर्धा मिलिग्रॅम औषध असतं. म्हणजे भुलीआधी टोचतात जवळपास तेवढंच. उपाय स्वस्त असल्याने तो भारतात वापरला जातो. मात्र झटक्याने आधीच दुखावलेल्या म्हाताऱ्या मेंदूला भ्रम, लघवी अडणं, बद्धकोष्ठ, वाढलेले ठोके हे सगळं सोसवतंच असं नाही. काचबिंदू असेल तर आणखी जपावं लागतं. शिवाय सुकलेली लाळ घट्ट, चिकट होते आणि घशात अडकून बसते. डॉक्टरांना न विचारता बाटली आणून थेंब टाकणाऱ्या घरांनी ही बाजू ऐकायला हवी.

स्वतंत्र भारताच्या राजधानीत मेंदूच्या आजारांची आधुनिक व्यवस्था उभी राहिली ती एका विलक्षण योगायोगात. केंद्रीय गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत 7 मार्च 1961 रोजी दिल्लीत मेंदूच्या झटक्याने गेले. त्यांच्या नावाचं रुग्णालय आयर्विन रुग्णालयाच्या शेजारी बांधलं गेलं, आणि 30 एप्रिल 1964 रोजी त्याचं उद्घाटन करायला आले पंडित नेहरू. त्यांना स्वतःला त्याच वर्षी जानेवारीत, भुवनेश्वरच्या काँग्रेस अधिवेशनात, झटका येऊन गेला होता आणि डावी बाजू अशक्त झाली होती. उद्घाटनानंतर महिन्याच्या आत, 27 मे रोजी, ते गेले. पंतप्रधानांना झालेल्या झटक्याबद्दल त्या काळी मोघमच बोललं जाई. पक्षाघात ही झाकून ठेवायची गोष्ट होती, आणि लाळ तर त्याहून.

1956 साली कायद्याने स्थापन झालेल्या एम्समध्ये 1965 साली डॉ. बलदेव सिंह आणि डॉ. प्रकाश नारायण टंडन यांनी मेंदूविज्ञानाचे विभाग सुरू केले. तिथून पुढे जीव वाचवण्याची कला झपाट्याने सुधारत गेली. मुळावरचा इलाजही विसाव्या शतकातच सापडत होता, आणि त्याचा एक धागा पुन्हा तिब्बिया कॉलेजात जातो. तिथल्या संशोधनात सलीमुज्जमान सिद्दिकींनी 1931 साली सर्पगंधेपासून एक अल्कलॉइड वेगळं केलं आणि हकीमसाहेबांच्या नावावरून त्याला अजमलीन म्हटलं. त्याच सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमधून जगाला दाखवलं. वाढलेला रक्तदाब हे झटक्याचं सर्वांत मोठं कारण. ते आवरणारं औषध शोधण्यात दिल्ली आणि मुंबई दोन्हींचा हात आहे, ही अभिमानाची गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

वॉर्डातल्या रुग्णाच्या नाकात मात्र एक नळी कायमची दिसू लागली. जॉन राइल या इंग्रज डॉक्टरने 1921 साली जठरातला रस तपासण्यासाठी बारीक रबरी नळी केली होती. भारतात ती अन्न भरवायची नळी म्हणूनच घराघरांत पोहोचली. झटका आलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास रुग्णांना पहिल्या दिवसांत गिळायला त्रास होतो. त्यांना ही नळी उपासमारीपासून वाचवते. पण नळीने अन्न जातं, लाळेची सोय होत नाही. नळी घातलेल्या माणसाची लाळ तशीच साचते आणि तशीच चुकीच्या वाटेने उतरू शकते. नळी आहे म्हणून फुप्फुसं सुरक्षित, हा गैरसमज दिल्लीच्या बड्या रुग्णालयांतून घरी आलेल्या कुटुंबांतही आढळतो.

लाळेवरचा स्वतंत्र विचार मोठ्यांच्या पक्षाघातातून आला नाही, तो सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांमुळे आला. कॅनडातले प्लास्टिक सर्जन विल्की यांनी 1967 साली अशा मुलांसाठी शस्त्रक्रिया मांडली: गालातल्या लाळग्रंथींच्या नलिका वळवून घशात मागे सोडायच्या. भारतात मिथू अलूर यांनी 1972 साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी सुरू केली आणि त्याच दशकात दिल्लीतही तसं काम उभं राहिलं. मुलाला बसवायचं कसं, हनुवटीला आधार कुठे द्यायचा, ओठ मिटायला कसं शिकवायचं, घोट घेतल्याची आठवण कशी करून द्यायची, हे ज्ञान त्या शाळांतल्या शिक्षिकांनी आणि आयांनी रोजच्या सरावातून साठवलं. पुढे मोठ्यांच्या वॉर्डात तेच कामाला आलं.

त्याला शास्त्राची जोड दिली ती वाचा-उपचार करणाऱ्यांनी. 1960च्या दशकात म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आणि मुंबईच्या नायर रुग्णालयातला अभ्यासक्रम यांतून स्पीच थेरपिस्टांच्या पहिल्या तुकड्या बाहेर पडल्या. नावावरून त्यांचं काम बोलण्यापुरतं वाटतं. अमेरिकेत जेरी लोगमन यांनी 1983 साली गिळण्याच्या विकारांवर ग्रंथ लिहिला, बेरियम मिसळलेला घास गिळताना क्ष-किरणांखाली पाहायची पद्धत रूढ केली, आणि गिळणं हा या व्यवसायाचा हक्काचा प्रांत झाला. 1988 साली सुसान लँगमोर यांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून गिळणं पाहण्याची रीत मांडली. ठसका न लागता श्वासनलिकेत जाणारी लाळ आता डोळ्यांनी दिसू लागली.

पुनर्वसनाच्या शिक्षणाची एक जागा दिल्लीतही आहे. मिंटो रोडजवळ विष्णू दिगंबर मार्ग आहे. गळ्याची साधना देशभर नेणाऱ्या पलुस्करांचं नाव असलेल्या या रस्त्यावर अपंगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे; आज ती पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने ओळखली जाते. व्यायामोपचार, व्यवसायोपचार आणि कृत्रिम अवयव यांचं शिक्षण तिथे मिळतं. देशातल्या स्पीच थेरपिस्टांची नोंदणी करणारी भारतीय पुनर्वसन परिषदही दिल्लीतच आहे. तिचा कायदा 1992चा.

थेरपिस्ट खाटेशी येतो तेव्हा जे करतो ते पाहणाऱ्याला फार साधं वाटतं. रुग्णाला ताठ बसवतो. हनुवटी छातीकडे घ्यायला सांगतो. ओठ घट्ट मिटायला, गाल फुगवायला, जीभ टाळ्याला दाबायला लावतो. रिकामा घोट जोर लावून गिळायला सांगतो. पाणी सर्वांत अवघड, कारण ते पटकन वाहतं. म्हणून आधी दह्याएवढं दाट काही, मग मऊ खिचडी किंवा दलिया, आणि साधं पाणी शेवटी. पेज पातळ म्हणून सोपी, असं घरच्यांना वाटतं. बहुतेकांच्या बाबतीत उलटं असतं. बऱ्याच रुग्णांचं गिळणं काही आठवड्यांत सुधारतं आणि लाळही आपोआप आवरते. म्हणूनच सुरुवातीला धीर धरणं हा उपचाराचाच भाग आहे.

दात घासणं हाही उपचारच आहे. जपानमधल्या वृद्धाश्रमांत योनेयामा आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, 1999 साली लॅन्सेटमध्ये आलेल्या पाहणीत तोंडाची नीट निगा राखलेल्या वृद्धांपैकी 11 टक्क्यांना न्यूमोनिया झाला, न राखलेल्यांपैकी 19 टक्क्यांना. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या 19 स्ट्रोक युनिटांपैकी 10 युनिटांत परिचारिकांना ताप, साखर आणि गिळणं या तीन गोष्टी सांभाळायचं प्रशिक्षण दिलं. 2011 साली निष्कर्ष आला: तीन महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व प्रशिक्षण न दिलेल्या युनिटांत 58 टक्के, दिलेल्या युनिटांत 42 टक्के. यात कोणतंही महाग यंत्र नव्हतं. भारतातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने उचलावी अशी ही गोष्ट आहे, आणि ती उचलायला पैशापेक्षा परिचारिकांची संख्या आणि त्यांच्यावरचा विश्वास लागतो.

एवढं करूनही काहींची लाळ महिनोन् महिने गळत राहते. हनुवटीखालची कातडी सोलवटते, कपड्यांना वास येतो, आणि एकेकाळी घर चालवलेल्या माणसाच्या गळ्यात लाळेरं बांधावं लागतं. नातवंडांसमोर बसणं तो टाळतो. अशांसाठी लाळ सुकवण्याची वाट पुन्हा उघडते, यावेळी भलत्याच टोकाकडून. जर्मनीतल्या व्युर्टेंबर्गमध्ये युस्टिनस केर्नर हे डॉक्टर आणि कवी होते. 1820 आणि 1822 साली त्यांनी बिघडलेल्या सॉसेजमुळे होणाऱ्या विषबाधेवर पुस्तकं लिहिली. रुग्णांचं तोंड आणि डोळे कोरडे पडतात हे त्यांनी टिपलं, ते विष स्वतःच्या जिभेवर चाखून पाहिलं आणि लिहून ठेवलं की अतिरेकी हालचाल किंवा अतिरेकी स्राव असलेल्या विकारांत हेच विष थोड्या मात्रेत औषध ठरू शकेल. त्या विषाचा जंतू एमिल व्हान एर्मेंगेम यांनी 1895 साली बेल्जियममधल्या विषबाधेच्या तपासातून शोधला. अॅलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरलं आणि 1989 साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून परवानगी मिळाली. लाळेसाठीची कल्पना 1997 साली पुढे आली.

मग लाळेसाठी या विषाची मोठी चाचणी झाली. त्यातल्या 184 जणांत कंपवाताच्या रुग्णांबरोबर पक्षाघाताचेही रुग्ण होते. शंभर युनिटांची मात्रा चार ग्रंथींत वाटली: कानाजवळच्या दोन्ही ग्रंथींत 30-30, जबड्याखालच्या दोन्हींत 20-20. त्यावरून 2018 साली अमेरिकेत मान्यता मिळाली आणि 2019 साली ब्रिटनच्या आरोग्यसेवेने ते स्वीकारलं. केर्नरच्या टिपणाला तेव्हा जवळपास दोनशे वर्षं झाली होती. सोनोग्राफीत पाहत सुई ग्रंथीत घालतात, परिणाम तीन-चार महिने टिकतो आणि मग पुन्हा टोचावं लागतं. सुई चुकली किंवा मात्रा वाढली तर शेजारचे स्नायू सैल पडून गिळणं आणखी बिघडू शकतं. त्यामुळे ते सराईत हाताचंच काम आहे.

दिल्ली, गुरुग्राम, नोएडातल्या मोठ्या रुग्णालयांत ही सोय मिळते, पण औषधाच्या एका बाटलीला हजारो रुपये लागतात आणि वर्षातून तीन-चार वेळा. एम्सबाहेरच्या धर्मशाळेत उतरलेल्या, विदर्भातून किंवा बिहारमधून आलेल्या कुटुंबाच्या आवाक्यात ते नसतं. त्यांच्या वाट्याला येतात डोळ्यांचे थेंब, आणि नशीब चांगलं असेल तर थेरपिस्टचा अर्धा तास. त्या अर्ध्या तासात रुग्णाच्या मुलीला किंवा सुनेला बसवण्याची रीत, दाट घास आणि तोंडाची निगा शिकवता येते. घरी परतल्यावर रोज तीन वेळा तो सराव तिलाच करून घ्यायचा असतो. त्यासाठी डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या यादीखाली गिळण्याचे व्यायाम, अन्नाचा दाटपणा आणि पुन्हा तपासणीची तारीख तिच्या भाषेत लिहून मिळायला हवी.